खारा वारा आणि ५००० पास्कल

कोकणातली, मे महिन्यातली दुपार. डोंबिवलीहून धाकट्या दिरांनी व्हॉट्सॲपवर एक लिंक पाठवली. केर काढणारा आणि वर फरशी पण पुसणारा रोबो, गोल, पांढरा, डोक्यावर एक छोटी टोपी. खाली मेसेज, "वहिनी, आईसाठी घेतोय, बघून सांगा. ५००० पास्कल आहे." मी मोबाईल घेऊन पडवीत गेले, सासूबाई रतांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडत बसल्या होत्या, हात कोपरापर्यंत लाल. त्यांनी चष्मा नीट करून व्हिडिओ पूर्ण बघितला, कुणाच्यातरी चकचकीत हॉलमध्ये तो रोबो सोफ्याखाली जात होता, येत होता, भिंतीला टेकला की वळत होता. "बरो आसा," म्हणाल्या, "पण आमचो उंबरठो उडी मारून जातलो काय?" आणि परत रतांबे फोडायला लागल्या. मला वाटलं विषय संपला. थोड्या वेळाने मान वर न करताच म्हणाल्या, "त्येका सांग, माका केर काडूचो कंटाळो नाय. वाकूक जमणा नाय, इतक्याच."

हे वाक्य नंतर बरेच दिवस डोक्यात फिरत राहिलं. म्हणजे आमच्या घरात खरेद्या काही कमी होत नाहीत, मुंबईकर मंडळी गणपतीला येताना एक, मे महिन्यात येताना एक असं काहीतरी यंत्र घेऊनच येतात, पण नेमकं कुठे दुखतंय हे कोणी इतकं स्वच्छ सांगितलेलं मला आठवत नाही. केर काढणं आणि वाकणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. रोबो पहिल्यावरचं औषध, आणि दुखणं दुसरं.

आता उंबरठ्याचं म्हणाल तर सासूबाईंचा प्रश्न अगदी बरोबर होता. हे रोबो साधारण दोन सेंटिमीटरची चढण चढतात, काही नवीन थोडी जास्त चढतात. आमचं घर म्हणजे पडवी, ओटी, माजघर, स्वयंपाकघर, प्रत्येक ठिकाणी लाकडी उंबरठा, आणि पडवीतून खळ्यात, म्हणजे अंगणात, उतरायला पायरी. म्हणजे तो बिचारा एका खोलीत सोडायचा, ती झाली की उचलून दुसरीकडे ठेवायचा, आणि उचलायला परत वाकायचंच. वर बुधवारी संध्याकाळी मुलं समुद्रावरून आली की पायाला चिकटून वाळू येते, खळ्यातली लाल माती तर कायमचीच, त्यावर त्या रोबोचं ओलं फडकं फिरलं की आधी केर मग पुसणं असा क्रम राहत नाही, कोपऱ्याकोपऱ्यात लाल चिखलाच्या रेघा. हे मी ऐकीव नाही सांगत, मालवणला चुलतभावाच्या नवीन फ्लॅटमध्ये बघितलंय. बाकी त्याच फ्लॅटमध्ये कोरडा केर काढायला तो रोबो उत्तम काम करतो हेही खरं, टोपीतला लेझर फिरवून आधी खोलीचा नकाशा काढतो, अंधारातही चुकत नाही, डोंबिवलीला दिरांनी स्वतःसाठी घेतला तर मी लगेच हो म्हणेन. आणि ते पास्कल, म्हणजे ओढण्याचा जोर मोजायचं माप. ५००० ऐकायला मोठं वाटतं, पण मोठे ड्रमवाले व्हॅक्युम क्लीनर आपलं ओढणं किलोपास्कलमध्ये लिहितात, १६, १७, २०. म्हणजे १७००० पास्कल. शिवाय हा आकडा तोंड पूर्ण बंद करून मोजतात, प्रत्यक्ष फरशीवर तोंड उघडं असतं, तिथे हवा किती वाहते त्यावर केर उचलला जातो, ते खोक्यावर फारसं कोणी छापत नाही.

वॅटचा तर आणखीच गोंधळ. दुकानात गेलं की माणूस पहिलं सांगतो, "मॅडम, हा १६०० वॅटचा, हा १२०० चा," जणू वॅट म्हणजे ताकद. वॅट म्हणजे वीज किती खातो. युरोपात २०१४ साली १६०० वॅटच्या वरचे व्हॅक्युम विकायला बंदी आली आणि २०१७ पासून ती मर्यादा ९०० वर आणली, म्हणून काय तिकडची घरं घाण राहिली नाहीत, कंपन्यांनी तोंडं आणि पंखे सुधारले. आमच्याकडे स्टीलच्या ड्रमचा ओलं-सुकं दोन्ही ओढणारा व्हॅक्युम आहे, तो खरा कामाला येतो पावसात. वाऱ्याचा जोर असला की पडवीत पाणी आत मारतं, कौलं एखादं सरकलं की माजघरात तळं, तेव्हा कागदी फिल्टर काढून स्पंजचा लावायचा आणि सरळ पाणी ओढायचं. टाकी भरली की आतला तरंगता गोळा वर येतो आणि ओढणं आपोआप थांबतं. गणपतीआधी माळ्यावरची धूळ, वाशांवरची जळमटं, उंदरांनी कुरतडलेला भुसा, सगळं त्यानेच. पण त्याचा आवाज इतका की शेजारची काकू गडग्यापलीकडून विचारते, "पंप लावलास काय गो?"

आणि नेमकं पाणी आत येतं तेव्हाच लाईट जाते.

इन्व्हर्टरवर हे चालत नाही. ९०० व्हीएच्या इन्व्हर्टरवर पंखे, दिवे, टीव्ही, एवढंच, त्याला १२०० वॅटचा व्हॅक्युम लावला तर तो ओरडून बंदच पडतो. हे खोक्यावर नसतं आणि शहरातल्या कुठल्याच व्हिडिओत कोणी सांगत नाही कारण त्यांच्याकडे लाईट जात नाही. २०२१ च्या मे मध्ये तौक्ते आलं तेव्हा आमच्याकडे वीज यायला किती दिवस लागले ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको, त्या सगळ्या काळात घरातलं चालू असलेलं स्वच्छतेचं यंत्र म्हणजे माडाच्या हीरांचा खराटा. म्हणून मग बॅटरीवाला काठीचा व्हॅक्युम घ्यावा असं वाटतं. हलका, उभ्याने चालतो, वाकायला नको. सासूबाईंसाठी मी तो खरंच मनापासून बघितला. पण त्यावर लिहिलेली ४०-५० मिनिटं ही सगळ्यात मंद स्पीडची असतात, वाळू उचलायला फुल स्पीड लावला की दहा मिनिटांच्या आसपास खेळ खल्लास. आणि लिथियमची बॅटरी साधारण ३०० ते ५०० वेळा पूर्ण चार्ज झाली की तिची ताकद पाचव्या हिश्शाने तरी उतरते, रोज वापरलं तर वर्ष-दीड वर्षात. मग नवीन बॅटरी. ती त्याच कंपनीची लागते, तेच मॉडेल लागतं, आणि मॉडेल तोपर्यंत बंद झालेलं असतं.

कुडाळला एक मिक्सर-पंप दुरुस्त करणारे आहेत, छोटं दुकान, आत तांब्याच्या तारेची रिळं आणि वार्निशचा वास. मी काहीही विजेचं घेण्याआधी मनातल्या मनात त्यांना विचारते. त्यांची परीक्षा एकदम साधी, वस्तू उलटी करायची आणि खालून स्क्रू दिसतात का बघायचं. स्क्रू असतील तर उघडता येतं, उघडता आलं तर कार्बन बदलता येतो. ड्रमवाल्या व्हॅक्युमची मोटर मिक्सरसारखीच कार्बन ब्रशवाली, कार्बन झिजला की ठिणग्या उडायला लागतात, जळका वास येतो, त्यांच्याकडे गेलं की ते घासून बसवून देतात, चहा होईपर्यंत काम. पण सगळं प्लास्टिक एकमेकांत दाबून, चिकटवून बंद केलेलं असेल तर ते हात जोडतात. "ताई, ह्या उघडूचा म्हणजे फोडूचा." ऑनलाईन घेताना आता मी फोटोंमध्ये वस्तूची खालची बाजू शोधते. बहुतेक जण ती दाखवतच नाहीत. समोरून, बाजूने, हसणाऱ्या बाईच्या हातात, कुत्र्याशेजारी, पण खालून नाही.

पावसाळ्याबद्दल लिहायचं तर वेगळं पानच लागेल. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस, त्यातला जवळजवळ सगळा चार महिन्यांत. कपाटाच्या मागच्या फळीवर हिरवट-पांढरी बुरशी, चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी, देवघरातल्या पाटावर बुरशी, गणपतीच्या मखराचं लाकूड काढावं तर त्यावर बुरशी, आणि तो वास, ओल्या गोणपाटाचा आणि जुन्या वहीचा मिळून जो एक वास होतो तो. मालवणच्याच चुलतभावाने डिह्युमिडिफायर घेतला, हवेतली ओल ओढून टाकीत पाणी साठवणारा. त्यावर २० लिटर रोज असं लिहिलेलं असतं, ते मोजमाप ३० डिग्री तापमान आणि ८० टक्के दमट हवेचं, म्हणजे योगायोगाने आपल्या जुलैचंच. त्याच्या स्लॅबच्या खोलीत दारं-खिडक्या बंद करून तो लावला की खरोखर बादलीभर पाणी निघतं, ते बघायला मला फार आवडतं, इतकं पाणी आपण श्वासात घेत होतो म्हणून. त्याने मला पण घ्यायला सांगितलं. पण आमचं कौलारू घर. दोन कौलांमधून, वाशांच्या फटीतून, दाराखालून वारा सतत आत. इथे तो लावायचा म्हणजे अख्खा वेंगुर्ला तालुका सुकवायचा ठेका घेतल्यासारखं. आमच्याकडे जुनीच पद्धत, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढायचं, दार दिवसा उघडं टाकायचं आणि ऊन पडलं रे पडलं की सगळं खळ्यात. फुकट आहे, पण ऊन पडलं तर.

खळ्यातल्या शेवाळावर मात्र पैसे खर्च करायला माझी ना नाही. कारण तिथे माणूस पडतो. गावात दर पावसात कोणाचं तरी मनगट, कोणाचं खुब्याचं हाड, कारण जांभ्याच्या चिऱ्याच्या पायरीवरचं हिरवं. होमस्टेवाल्यांकडे आता प्रेशर वॉशर आलेत, १००-१२० बार दाबाचे, पिचकारी मारली की चिरा क्षणात लालभडक, बघणाऱ्याला इतकं समाधान मिळतं की विचारू नका. पण जांभा मऊ दगड, भोकाभोकांचा, जवळून जोरात मारलं तर वरचा थर आणि सांध्यातलं सिमेंट दोन्ही निघून येतं, आणि उघडी झालेली भोकं पुढच्या वर्षी शेवाळाला आणखी बरी. लांबून, पसरट धारेचं तोंड लावून मारायचं. आणि घेताना एवढंच बघायचं की तो बादलीतून किंवा टाकीतून स्वतः पाणी ओढतो का, कारण आपल्या टाकीच्या नळाला असा दाब कुठे असतो. आम्ही अजून तरी ब्लिचिंग पावडर आणि खराटाच. फक्त कृपा करून ब्लिचिंगवर संडास धुवायचं ॲसिड ओतू नका, दोन्ही मिळून क्लोरीन वायू होतो, छातीत भरतो. गावात बायका "डबल साफ होता" म्हणून करतात हे, मी सांगून दमले.

मग सासूबाईंसाठी शेवटी काय घेतलं? वेंगुर्ल्याच्या बाजारातून उभ्या दांड्याची केरभरणी आणि लांब काठीचा मऊ झाडू. दोन्ही मिळून रोबोच्या खोक्याला लागणाऱ्या कुरियरच्या पैशात आलं असतं. आणि दाराबाहेर काथ्याचं जाड पायपुसणं, आतल्या बाजूला दुसरं. काथ्याचे ताठ केस चपलेच्या खाचेतली वाळू काढतात, नायलॉनचं गुळगुळीत पायपुसणं नुसतं ओलं होतं आणि वास मारतं. पहिल्या पायपुसण्यावर वाळू, दुसऱ्यावर ओल. घरात येणारा केरच अर्ध्यावर आला. वेंगुर्ल्यात काथ्याचं काम चालतंच, त्यामुळे झिजलं की नवीन लगेच. दिरांना कळवलं तर त्यांचा एक अंगठा आला फक्त, थोडे नाराज झाले असावेत. मलाही ते समजतं. लांब राहणाऱ्या मुलाला आईला केरभरणी पाठवण्यात काय आनंद, त्याला टोपीवाला रोबो पाठवायचा असतो, ते प्रेम आहे आणि त्या प्रेमाला पास्कलमध्येच बोलता येतं. पण खोलून न बघितलेली किती प्रेमं गावागावातल्या माळ्यांवर थर्माकोलसकट पडून आहेत ते गणपतीत माळा झाडताना दिसतं.

दुसरी खरेदी माझी स्वतःची.

डॉक्टरांनी साखर काठावर आहे सांगितल्यापासून मी सकाळी सागरेश्वरच्या किनाऱ्यावर चालायला जाते, आणि अधूनमधून, कोणी बघत नाहीसं वाटलं तर, पळते. ओहोटीच्या वेळी पाण्यालगतची ओली वाळू घट्ट असते, त्यावर पाय रुतत नाही, भरती असेल तर सुरूच्या बनाकडची भुसभुशीत वाळू मिळते आणि पोटऱ्यांचा जीव जातो. म्हणजे माझ्या व्यायामाचं वेळापत्रक तिथी ठरवते. बूट घ्यायला गेले तर दुकानातल्या मुलाने रस्त्याचे, ट्रेलचे, जिमचे असे थर लावले समोर. ट्रेलचे म्हणजे खाली जाड दात असलेले. ते सड्यावर, म्हणजे वरच्या कातळावर, चांगले, जांभ्याच्या बारीक खड्या पायाखाली गोळ्यांसारख्या घसरतात तिथे दात धरतात, पण ओल्या वाळूत त्या दातांत अशी वाळू गच्च बसते की घरी येऊन काडीने काढत बसा. मी साधे रस्त्याचे, वरून जाळीदार, पाणी गेलं तर बाहेरही येईल असे घेतले. वॉटरप्रूफ बूट किनाऱ्यावर नकोच, वरून लाट आत शिरली की पाणी आतच राहतं.

बुटांच्या बाबतीत एक गोष्ट दमट हवेत राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवी. नवऱ्याचे ट्रेकिंगचे चांगले महागाचे बूट होते, जपून, कागदात गुंडाळून, कपाटात वर. बऱ्याच वर्षांनी त्याने काढले, घातले, गेटपर्यंत गेला आणि तळवा मागे राहिला. हात लावला तर भुगा. तो तळवा पॉलियुरेथेनचा, पीयू म्हणतात तो, हवेतल्या ओलीनेच त्याची रासायनिक वीण सुटत जाते, घाला किंवा न घाला, उलट जपून बंद ठेवले तर जास्तच. दुसऱ्या बुटांत असतो तो ईव्हीएचा फोम असा विरघळत नाही, तो दबून दबून सपाट होतो, म्हणून पळणारे लोक ५०० ते ८०० किलोमीटरला बूट बदला म्हणतात. हे वाचल्यावर मला पहिल्यांदा आठवला तो आरवलीचा वेतोबा. त्याला नवसाच्या एवढाल्या चामड्याच्या चपला वाहतात, आणि त्या झिजतात, कारण देव रात्रीचा गावाची राखण करत फिरतो. आमच्या भागात पादत्राणं वापरून झिजली तर तो मान आहे. जपून ठेवून भुगा झाली तर कपाळ.

किनाऱ्याजवळच्या एका गावात ओपन जिम बसवली होती, निळी-पिवळी यंत्रं, उद्घाटनाला हार-नारळ, फोटो. दोन पावसाळ्यांत सांध्यांतून गंजाचे ओघळ, पाय फिरवायचं यंत्र अडकलेलं, त्याच्यावर आता लोक जाळी वाळत घालतात. दोष यंत्रांच्या रंगात नाही, रंगाखाली काय आहे त्यात. साध्या लोखंडावर पावडर कोटिंग असेल तर जिथे ओरखडा पडला तिथून खारा वारा आत शिरतो आणि रंगाचा फुगा येतो. वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलं लोखंड, हॉट-डिप गॅल्वनाइज्ड, दिसायला मळकट राखाडी पण टिकतं. स्टेनलेस म्हणून विकतात त्यातही ३०४ नंबरचं स्टील समुद्राजवळ तपकिरी डाग धरतं, ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, ते मिठाला सहजासहजी दाद देत नाही, अर्थात महागही. ही माहिती मला कुठल्या फिटनेसच्या माणसाने नाही दिली, वेंगुर्ला बंदराजवळच्या बोटीच्या सामानाच्या दुकानदाराने दिली, मी पुलअप्सची कडी अडकवायला हुक शोधत होते तेव्हा. मुलाला आंब्याच्या फांदीला कड्या टांगायच्या होत्या. ऑनलाईनच्या सेटमधल्या हुकाला एका पावसात गंज चढला असता, इथला शॅकल, म्हणजे खिळीने बंद होणारी कडी, बोटीवरचा, रोज खाऱ्या पाण्यात भिजणारा. दोरही तिथलाच. आणि भाच्याने तर कहर केला, एका रापणीवाल्याकडून, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्याकडून, टाकून दिलेला जाडजूड दोर आणला, माडाच्या बुंध्याला वळसा घालून दोन टोकं हातात धरून आपटत असतो. जिममध्ये याला बॅटल रोप म्हणतात आणि बरेच पैसे घेतात. याला माशाचा वास येतो एवढाच फरक, आणि मांजरं जमतात.

रबरी बँड मात्र मी दोन प्रकारचे वापरून बघितले. नैसर्गिक लॅटेक्सचा ओढायला फार छान, पण ऊन आणि उकाडा त्याचे वैरी, खळ्यातल्या दांडीवर विसरला की चिकट होतो, बारीक चिरा पडतात आणि एक दिवस सटकन तुटून तोंडावर येतो. टॅल्कम पावडर लावून डब्यात, सावलीत ठेवायचा. डंबेल्स लोखंडी नकोत, रबर चढवलेले घ्या, किंवा सिमेंट भरलेले प्लास्टिकचे, ते गंजत नाहीत, आपटले तर तडकतात. मी तर बरेच दिवस वाळूने भरलेल्या दोन लिटरच्या बाटल्या वापरल्या. ओली वाळू भरली की एक बाटली साडेतीन-चार किलोपर्यंत जाते, त्यामुळे सुरुवात कोरड्या, अर्ध्या बाटलीने.

मनगटावरच्या घड्याळाचं पण सांगून टाकते. आयपी ६७, म्हणजे पाणी-धूळ आत न जाण्याचा दर्जा, लिहिलं की लोक समुद्रात घेऊन उतरतात. ती परीक्षा गोड्या पाण्यात, एक मीटर खोल, अर्धा तास. मीठ, घाम, सनस्क्रीन याबद्दल ती काही बोलत नाही. किनाऱ्यावरून आलं की गोड्या पाण्याखाली धरायचं आणि चार्जिंगच्या पिना पुसून कोरड्या करायच्या, नाहीतर त्या हिरव्या पडतात.

पण हे सगळं घालून, घड्याळ, बूट, ड्रायफिटचा टीशर्ट, मी किनाऱ्यावर निघते तेव्हा समोरून मासेवाल्या येतात, डोक्यावर टोपली, अनवाणी किंवा साध्या रबरी चपला, आणि माझ्यापेक्षा झपाझप. त्यातली एक रोज विचारते, "खंय गे चललंय इतक्या घाईत?" मी म्हणते, "अशीच, फिरूक." ती हसते. त्या हसण्यात टोमणा आहे की नुसतीच गंमत, मला अजून कळलेलं नाही. कधी लाज वाटते, कधी वाटतं की का लाज, माझं काम खुर्चीतलं, साखर काठावर, मला चालायला निमित्त लागतं आणि निमित्ताला बूट लागतात. रापण ओढणाऱ्यांच्या रांगेत एकदा मी सहज दोराला हात लावला होता. दोर ओला, हाताला काचणारा, आणि माझ्या पुढचे आजोबा कंबरेतून मागे रेलून सगळं वजन टाचांवर घेत होते, दोन पावलं मागे, थांब, दोन पावलं मागे. माझे हात लगेच भरून आले. असं शरीर मला कुठल्याही सेलमध्ये मिळणार नाही हे कळतं, तरी सेल लागला की मी बघते.

सेलचं गणितही आता पाठ झालंय. छापील किंमत दहा हजार, त्यावर काट, खाली साडेतीन. ती वस्तू दहा हजाराला कधी कोणी घेतली होती? मी बाराही महिने लिस्टमध्ये टाकून ठेवते, भाव किती हलतो ते आपोआप दिसतं. रिव्ह्यू पाच स्टारचे वाचायचेच नाहीत, ते बहुतेक खोकं उघडल्याच्या आनंदात लिहिलेले असतात. दोन आणि तीन स्टारवाले, आणि जमलं तर पावसाळा उलटल्यावर लिहिलेले. मंगलोर, गोवा, केरळचा माणूस काय म्हणतो ते सोन्यासारखं, जयपूरच्या माणसाची खुशी आपल्या काय कामाची. मग आपला पिनकोड टाकायचा. वस्तू येते हो, पण खाली बारीक अक्षरात, सर्व्हिस या ठिकाणी उपलब्ध नाही. जवळचं सेंटर कोल्हापूर नाहीतर गोवा. परदेशी मालावर तो कुठल्या देशात बनला ते ऑनलाईन विकताना लिहावंच लागतं, २०२० च्या ग्राहक नियमांत आहे, लिहिलेलं नसेल तर मी पुढे जाते. आणि वस्तू बिघडलेली आली, विकणारा दाद देत नाही, तर १९१५ हा ग्राहकांचा नंबर आहे, लावायचा, लाजायचं नाही.

आता डोक्यात सायकल आहे. वेंगुर्ल्याहून शिरोड्याकडे जायचं तर मध्ये मोचेमाडची घाटी, वरून समुद्र आणि खाडीचं वळण दिसतं ते बघायला मला स्वतःच्या पायांनी चढून जायचंय. सावंतवाडीच्या दुकानात पुढे स्प्रिंगवाली, जाड टायरची, भडक केशरी एक होती, मुलाला तीच आवडली. पण स्वस्त सायकलवरची स्प्रिंग म्हणजे नुसतं वजन, चढावर तुमची अर्धी ताकद ती खाली-वर करण्यात खाते, आणि नळीत खारी हवा गेली की वर्षभरात ती हलतही नाही. दुकानदाराने मग मागून एक साधी काढली, ॲल्युमिनियमची फ्रेम, पुढे एकच चाकती, मागे सात गिअर, स्प्रिंग नाही. चेन कशी सांभाळायची ते विचारलं तर म्हणाला, फिरून आल्यावर ओल्या फडक्याने पुसा, सुकवा, आणि चेनचंच तेल एकेक थेंब प्रत्येक कडीवर, वर राहिलेलं पुसून टाका नाहीतर वाळू धरते. स्प्रे मारून मोकळं व्हायचं नाही, त्या स्प्रेने गंज सुटतो पण वंगण टिकत नाही. पावसात तेल जाड, उन्हाळ्यात पातळ. नवरा विचारतोय या वयात सायकल कशाला, सासूबाई म्हणतात, "घे, पण फुडे टोपली लावून घे, बाजारातसून मासे तरी येतले." टोपली त्या दुकानात वायरची आहे, पांढरा रंग दिलेली, म्हणजे गंजणारच, काथ्याची किंवा वेताची बसेल का ते विचारायला हवं. मडगार्ड पण सोबत येत नाहीत, वेगळे घ्यावे लागतील. शुक्रवारपर्यंत दुकानदार ती सायकल बाजूला ठेवणार आहे.